पोटातल्या पिनांचा हिशेब रुग्णाला का मिळत नाही?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की डोळ्यात बसवलेल्या लेन्सचं एक छोटं कार्ड रुग्णाला मिळतं. त्यावर कंपनीचं नाव, लेन्सची पॉवर, सिरीयल नंबर असं सगळं असतं. अँजिओप्लास्टी झाली की स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं असतं. गुडघा बदलला तर कृत्रिम सांध्याच्या भागांची स्टिकरं असतात. पण आतड्याचं, जठराचं किंवा फुफ्फुसाचं ऑपरेशन स्टेपलरने झालं आणि शरीरात टायटॅनियमच्या शेकडो पिना कायमच्या राहिल्या, तर डिस्चार्ज कार्डावर काय असतं? "स्टेपलरने जोड केला" एवढं एक वाक्य. बऱ्याचदा तेही नसतं. बिलात मात्र 'कन्झ्युमेबल्स' या सदराखाली काही हजारांची रक्कम असते. म्हणजे पैसे मोजायच्या वेळी स्टेपलर दिसतो आणि माहिती द्यायच्या वेळी तो गायब होतो.

हे चूक आहे आणि बदललं पाहिजे, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. थिएटरमध्ये स्टेपलर माझ्या हातात नसतो. पण ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या माणसाला सातव्या-आठव्या दिवशी ताप आला, पोट दुखायला लागलं, की तो आधी जवळच्या डॉक्टरकडे येतो. तेव्हा आतमध्ये काय केलंय हे कागदावरून कळणं आम्हाला आणि त्याला, दोघांनाही आवश्यक असतं. शिवाय ही मागणी का करायची हे समजायला सर्जन असण्याची गरज नाही. हे यंत्र कसं चालतं ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप पटतं.

आधी एक गैरसमज दूर करू

स्टेपलर म्हटलं की अनेकांना कातडीवर मारलेल्या पिना आठवतात. त्या स्टीलच्या असतात आणि साधारण एक-दोन आठवड्यांत काढून टाकतात. त्यांच्याबद्दल हा लेख नाही.

आपण बोलतोय ते शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरबद्दल. त्याच्या पिना बहुधा टायटॅनियमच्या असतात. त्या काढत नाहीत, विरघळत नाहीत, जन्मभर तिथेच राहतात. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर सहसा अडचण येत नाही. पण एमआरआय सेंटरवाले "पोटात कसली पिन आहे, कुठल्या धातूची, कागद दाखवा" असं विचारतात. त्या वेळी तुमच्याकडे कागद नसतो. तिथूनच हा प्रश्न सुरू होतो.

एका दाबात काय काय घडतं

ऑफिसातला स्टेपलर फक्त पिन मारतो. ऑपरेशनमधला बहुतेक वेळा दोन कामं एकत्र करतो. पिना मारतो आणि मधोमध कापतो.

सरळ रेषेत चालणाऱ्या स्टेपलरला चिमट्यासारखे दोन लांब जबडे असतात. एका जबड्यात पिनांचं कार्ट्रिज बसवतात. त्यात यू आकाराच्या बारीक पिना मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किंवा तीन-तीन रांगांत उभ्या असतात. समोरच्या जबड्यावर छोटे-छोटे खळगे असलेली पट्टी असते. ही त्या यंत्राची ऐरण. कापायचा भाग, समजा आतडं, या दोघांच्या मध्ये दाबून धरतात. मग आत एक पाचर पुढे सरकते आणि पिना एकामागून एक वर ढकलते. पिनेची टोकं आतड्यातून आरपार जाऊन ऐरणीच्या खळग्यात आपटतात आणि आत वळतात. यू आकाराची पिन इंग्रजी बी अक्षरासारखी होते. पाचरीच्या मागोमाग पातं येतं आणि दोन्ही बाजूंच्या रांगांच्या मधून कापत जातं. दोन्ही कडा कापल्या जाण्याआधी शिवून झालेल्या असतात.

यातली प्रत्येक गोष्ट विचार करून ठरवलेली आहे. बी आकार का? कारण पिन चपटी होऊन सगळंच आवळून बसली तर कडेला रक्त पोचणार नाही आणि कड सडेल. बीच्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या चालू राहतात. रांगा एकमेकींना विटांच्या बांधकामासारख्या आड येतात, म्हणजे एका रांगेतल्या फटीवर दुसऱ्या रांगेची पिन येते. पातं पिनांच्या रांगेच्या शेवटापर्यंत जात नाही, थोडं आधीच थांबतं, म्हणजे कापल्याचं टोकही पिनांनी बंद राहतं.

दुसरा प्रकार गोल स्टेपलरचा. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये खाली, ओटीपोटाच्या अरुंद जागेत जोड करायला तो वापरतात. तो पिनांची दोन वर्तुळं मारतो आणि आतून गोल पात्याने कापतो. कापल्यावर यंत्रात आतड्याच्या दोन कड्या निघतात. त्या पूर्ण गोल आहेत ना, हे सर्जन स्वतः तपासतात. अनेकदा जोड पाण्याखाली ठेवून आतून हवा भरतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बघतो, अगदी तसंच.

म्हणजे यंत्राने काम केलं तरी ते झालं की नाही हे माणसालाच बघावं लागतं. हे लक्षात ठेवा.

सगळ्यात नाजूक निर्णय: पिनेची उंची

शिंपी मलमलला आणि जाड जीनला एकच सुई वापरत नाही. स्टेपलरचंही तसंच आहे. पिना वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात आणि त्या कार्ट्रिजच्या रंगावरून ओळखतात. एका प्रचलित पद्धतीत पांढऱ्या कार्ट्रिजची पिन वळल्यावर साधारण १ मिलिमीटर उंचीची होते, निळ्याची दीड मिलिमीटर आणि हिरव्याची २ मिलिमीटर. पांढरं रक्तवाहिन्यांसारख्या पातळ भागाला, निळं नेहमीच्या आतड्याला, हिरवं जाड भागाला. दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे. तिथे जांभळं असतं, काळं असतं.

आता चूक कुठे होऊ शकते ते पाहा. जाड भागाला कमी उंचीची पिन लागली तर तिची टोकं पुरती वळत नाहीत, बी बनत नाही आणि जोड उघडू शकतो. किंवा ती इतकी आवळते की कड मरते. पातळ भागाला उंच पिन लागली तर ती सैल बसते, रक्त येतं, गळती होते. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

आणि ही जाडी मोजायची कशी? बहुतेक वेळा मोजलीच जात नाही. सर्जन बघून, हाताळून, अनुभवावरून अंदाज करतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बोटाने चाचपायची सोयही नसते. आजारी आतडं सुजलेलं असतं. जठराची जाडी तर एकाच माणसात बदलत जाते, खालच्या टोकाला जाड आणि वर पातळ. वजन कमी करण्यासाठी जठराची उभी नळी करतात त्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये पाच-सहा कार्ट्रिज सहज लागतात आणि वर जाताना रंग बदलावा लागतो. ६० मिलिमीटरच्या एका कार्ट्रिजमध्ये सहा रांगांत मिळून साधारण ८० ते १०० पिना असतात. म्हणजे एका माणसाच्या पोटात चार-पाचशे पिना राहतात.

जबडे बंद केल्यावर लगेच पिना न मारता काही सेकंद थांबावं असं शिकवतात, कारण दाबाने आतड्यातलं पाणी बाजूला सरतं आणि जाडी एकसारखी होते. हे थांबणंही माणसाच्या हातात आहे. बॅटरीवर चालणारे नवीन स्टेपलर आले आहेत. त्यांनी हात हलत नाही, काही तर विरोध जाणवला की वेग कमी करतात. चांगली सुधारणा आहे. पण कुठल्या रंगाचं कार्ट्रिज घालायचं हे अजूनही माणूसच ठरवतो.

मग जो निर्णय इतका महत्त्वाचा, त्याची नोंद रुग्णाच्या कागदावर का नसावी?

यंत्र सुधारलं ते चुका मोजल्या म्हणून

पहिला स्टेपलर बुडापेस्टमध्ये १९०८ साली ह्युमेर ह्युल्टल या सर्जनने वापरला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास होतं आणि जुळवायला दोन तास लागायचे. पिना तेव्हाही बी आकारातच वळत होत्या. १९२१ मध्ये अलादार फॉन पेट्झ यांनी हलका स्टेपलर केला. १९५० च्या दशकात मॉस्कोच्या संस्थेने वेगवेगळ्या अवयवांसाठी वेगवेगळे स्टेपलर बनवले. १९५८ मध्ये मार्क रॅविच हे अमेरिकन सर्जन सोव्हिएत दौऱ्यावर गेले असता त्यांनी कीवमध्ये ते पाहिले आणि अमेरिकेत नेले. पुढे १९६७ च्या सुमारास तयार, भरलेली कार्ट्रिज आली. त्यानंतर हे यंत्र जगभर पसरलं.

तयार कार्ट्रिजबरोबर एक नवा धोकाही आला. वापरून रिकामं झालेलं कार्ट्रिज चुकून तसंच राहिलं आणि पुन्हा दाबलं तर पातं चालेल, पण पिना नसतील. म्हणजे शिवण न घालता नुसतं कापलं जाईल. रक्तवाहिनीवर असं झालं तर काय होईल हे सांगायला नको. यावर उपाय म्हणून आजच्या स्टेपलरमध्ये कुलूप असतं. कार्ट्रिज रिकामं असेल तर पातं पुढे जातच नाही.

असं कुलूप कुणाच्या डोक्यात येतं? काय बिघडतं याची कुणीतरी नोंद ठेवतं, ती यंत्र बनवणाऱ्यापर्यंत पोचते, तेव्हाच येतं. बिघाड झाकून ठेवले तर यंत्र आहे तसंच राहतं आणि पुढच्या रुग्णालाही तोच बिघाड भोगावा लागतो.

अमेरिकेत काय झालं

बिघाड झाकून ठेवले की काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेचं आहे.

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डॉक्टरांना एक पत्र काढलं. १ जानेवारी २०११ ते ३१ मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलर आणि पिनांबद्दल त्यांच्याकडे ४१,००० हून जास्त अहवाल आले होते. त्यात ३६६ मृत्यू, ९,००० हून जास्त गंभीर इजा आणि ३२,००० हून जास्त बिघाड होते. पिनांची रांग उघडणं, पिना नीट न वळणं, स्टेपलर न चालणं किंवा चुकीचा चालणं, चुकीच्या मापाची पिन लागणं, अशा तक्रारी होत्या.

त्याच महिन्यात कायझर हेल्थ न्यूजच्या पत्रकारांनी आणखी एक गोष्ट उघड केली. एफडीएने काही कंपन्यांना बिघाडांचे अहवाल सार्वजनिक यादीत न टाकता वेगळे, एकत्रित पाठवायची सवलत दिली होती. २०१६ या एका वर्षात स्टेपलरबद्दल सार्वजनिक यादीत फक्त ८४ नोंदी होत्या आणि त्या दुसऱ्या यादीत जवळजवळ १०,००० होत्या. सर्जन सार्वजनिक यादी बघून "हे यंत्र किती सुरक्षित आहे" असं म्हणत होते, कारण खरी यादी त्यांना दिसतच नव्हती.

या बातमीनंतर २०१९ मध्ये ती सवलत बंद झाली आणि जुन्या नोंदी खुल्या झाल्या. त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीचे गोल स्टेपलर, पिना नीट वळत नसल्यामुळे, बाजारातून परत घ्यावे लागले. आणखी एक विसंगती पाहा. तोपर्यंत अमेरिकेत पिना दुसऱ्या वर्गात होत्या, पण पिना मारणारा स्टेपलर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या वर्गात होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये शरीराच्या आत वापरायचा स्टेपलर दुसऱ्या वर्गात घातला गेला. आता त्याची चाचणी, हाताळणीतल्या चुकांचा अभ्यास आणि स्पष्ट सूचना हे सगळं कंपनीला दाखवावं लागतं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ४१,००० अहवाल म्हणजे ४१,००० वेळा यंत्रच दोषी असं नाही. काही वेळा वापर चुकला असेल, काही वेळा रुग्णाची प्रकृतीच नाजूक असेल. आणि या काळात स्टेपलर लाखो वेळा वापरले गेले. त्यामुळे आकडा ऐकून स्टेपलरला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते आकडा लपवला जाण्याला.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. परवानाधारक कंपनीला अनपेक्षित गंभीर घटना १५ दिवसांत कळवायचं बंधन आहे. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवायला मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. गाझियाबादची इंडियन फार्माकोपिया कमिशन ही संस्था तो चालवते. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ त्यात नोंद करू शकतात.

कागदावर सगळं आहे. पण विचारून बघा, तुमच्या ओळखीच्या किती डॉक्टरांनी आजवर असा एक तरी फॉर्म भरलाय? हॉस्पिटलांसाठी हे सगळं ऐच्छिक आहे आणि ऐच्छिक कामाचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नोंद करायची म्हटलं तरी लॉट नंबर लागतो. तो पाकिटावर छापलेला असतो आणि पाकीट ऑपरेशन संपताच कचऱ्यात जातं.

नोंद नसल्याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहाच्या डेप्यू कंपनीचे एएसआर हे खुब्याचे कृत्रिम सांधे २०१० मध्ये जगभरातून परत घेतले गेले. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या समितीचा अहवाल समोर आला तेव्हा कळलं की त्यातल्या जेमतेम १,१०० रुग्णांचा शोध लागला होता. बाकीचे साडेतीन हजारांहून जास्त लोक कुठे आहेत, कसे आहेत, कुणालाच सांगता येत नव्हतं. खुब्याच्या सांध्यासारखी मोठी, महागडी वस्तू जिथे हरवते, तिथे तांदळाच्या दाण्याहून लहान पिनांचा माग कसा लागणार? उद्या एखाद्या लॉटच्या पिना सदोष निघाल्या तर निरोप कुणाला धाडणार?

आणखी एक. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे असतात. पिना मात्र जन्मभर राहतात. म्हणून नोंद हॉस्पिटलच्या कपाटात असून भागणार नाही, ती रुग्णाच्या घरी असली पाहिजे.

"मशीन म्हणजे बिनचूक" आणि "मशीन म्हणजे लूट"

या विषयावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं जाहिरातवाल्यांचं. "मशीनने ऑपरेशन, टाका नाही, त्रास नाही." मूळव्याधीच्या बोर्डांवर हे सर्रास दिसतं. इटलीच्या अँटोनिओ लोंगो यांनी १९९८ च्या सुमारास मूळव्याधीसाठी गोल स्टेपलरची पद्धत पुढे आणली. तिच्यात सुरुवातीला दुखणं कमी असतं, हे खरं आहे. पण ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दोन वर्षांनंतर बघितलं तर जुन्या पद्धतीने कापून काढलेल्यांचं जीवनमान जास्त चांगलं होतं, मूळव्याध परत येण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं आणि खर्चही कमी होता. हे बोर्डावर कोण लिहितं? मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या जोडाबद्दलही उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हाताच्या टाक्यांपेक्षा स्टेपलर सरस आहे असं सिद्ध झालं नाही. वेळ वाचतो, पण जोड पुढे अरुंद होण्याचं प्रमाण स्टेपलरमध्ये जास्त दिसलं.

दुसरं मत चिडलेल्या नातेवाइकांचं. "पूर्वी हाताने टाके घालायचे, माणसं बरी व्हायची, आता नुसतं बिल वाढवायला मशीन." हेही बरोबर नाही. गुदाशयात अगदी खाली, जिथे हाताने टाके घालणं जवळजवळ अशक्य, तिथे गोल स्टेपलरमुळे जोड करता येतो आणि अनेकांची कायमची पोटावरची पिशवी टळते. दुर्बिणीतून फुफ्फुसाचा तुकडा काढणं, वजन कमी करण्याची ऑपरेशनं, ही स्टेपलरशिवाय आजच्या रूपात झालीच नसती.

स्टेपलर हे चांगलं हत्यार आहे. कुठे वापरायचं, कुठे नाही, कुठल्या मापाचं वापरायचं हे सर्जनच्या कसबावर आहे. म्हणूनच त्याचा हिशेब उघड हवा.

मागणी पाच ओळींची आहे

ज्या ऑपरेशनमध्ये शरीराच्या आत स्टेपलर वापरला, त्याच्या डिस्चार्ज कार्डावर एवढं लिहिलेलं असावं:

१. स्टेपलरची कंपनी आणि मॉडेल.
२. प्रत्येक कार्ट्रिजचा रंग किंवा माप आणि एकूण किती वापरली.
३. प्रत्येकाचा लॉट नंबर. पाकिटावरचं लेबल चिकटवलं तरी चालेल.
४. कुठे वापरला, आणि जोड तपासला का, कसा.
५. वापरताना काही बिघाड झाला का, आणि झाला असेल तर काय उपाय केला.

यावर काय आक्षेप येतात ते मला माहीत आहे.

"रुग्ण घाबरतील." स्टेंटचं स्टिकर बघून कुणी घाबरलं नाही. माणूस घाबरतो तो काही लपवलं जातंय असं वाटलं की.

"कामाचा ताण वाढेल." पाकीट फाडणाऱ्या नर्सने लेबल कापून चिकटवायला एक मिनिट लागतं. बिलासाठी तेच कार्ट्रिज मोजलं जातं, तेव्हा वेळ बरोबर मिळतो.

"पाचव्या ओळीमुळे आमच्यावर केसेस होतील." ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण यंत्र अडकलं आणि सर्जनने प्रसंगावधान राखून हाताने टाके घालून सावरलं, हे लिहिलेलं असेल तर तो कागद सर्जनच्याच बाजूने बोलतो. कोरी जागा कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

आणखी एक फायदा, ज्याबद्दल आमच्या क्षेत्रात उघड कुणी बोलत नाही. एका रुग्णापुरती वापरायची उपकरणं निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची प्रथा आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. काही हँडल पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेली असतात, त्यांचा प्रश्न नाही. पण जे एकदाच वापरायचं म्हणून बनवलंय, त्याची पाचर आणि पातं दुसऱ्यांदा तितकीच बिनचूक चालतील याची हमी बनवणारा देत नाही. लॉट नंबर कार्डावर आला की या प्रथेवर आपोआप लगाम बसेल.

तोवर तुम्ही काय करू शकता

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी सर्जनला सरळ विचारा. स्टेपलर वापरणार का? माझ्या बाबतीत त्याचा फायदा काय? हाताने टाके हा पर्याय आहे का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. इमर्जन्सीमध्ये मात्र हे विचारत वेळ घालवू नका.

डिस्चार्जच्या वेळी वरच्या पाच गोष्टी लिहून मागा. नाही मिळाल्या तर ऑपरेशन नोट्सची प्रत मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायला हवेत, असं २००२ च्या त्याच नियमांत आहे. तो कागद आधार कार्डाइतका जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आतड्याच्या जोडातून गळती होणार असेल तर ती बऱ्याचदा पहिल्या दोन आठवड्यांत कळते, तेव्हा रुग्ण घरी आलेला असू शकतो. ताप, पोट वाढत्या प्रमाणात दुखणं किंवा फुगणं, नाडी जलद चालणं, धाप लागणं, उलट्या, लघवी कमी होणं, काळं किंवा लाल रक्त पडणं, यातलं काहीही झालं तर "गॅस असेल", "व्हायरल असेल" म्हणत घरी थांबू नका. ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं तिथे त्याच दिवशी जा. ते लांब असेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि ऑपरेशनचा कागद दाखवा. जठराचं स्लीव्ह ऑपरेशन झालेल्यांमध्ये कधी-कधी फक्त नाडी वाढणं हीच पहिली खूण असते, ताप नसतोच. माझ्यासारख्या डॉक्टरकडे आलात तर पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक तारखेला ऑपरेशन झालंय आणि आत स्टेपलर वापरलाय.

हा नियम करायला दिल्लीहून अधिसूचना यायची वाट बघायची गरज नाही. एखाद्या शहरातल्या सर्जनांनी ठरवलं तर पुढच्या सोमवारपासून हे सुरू होऊ शकतं. पाकीट तिथेच असतं, लेबल त्यावर असतं, फाइल समोर असते. रुग्णांनी मागायला सुरुवात केली की ते लवकर ठरेल. म्हणून मागा. पिना तुमच्या शरीरात राहणार आहेत, त्यांचा कागद तुमच्याच घरी असला पाहिजे.